चवथीआधी परत यायच्या बोलीवर : फोंडा ते नैरोबी

मे महिना

पैसे भरून झाले आणि मगच मी सासूबाईंना सांगितलं. आधी सांगितलं असतं तरी त्या नको म्हणाल्या नसत्या, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मीच मागे फिरले असते हे मला पक्कं माहीत होतं. ८४ वर्षांच्या आहेत, फिरत्या-उठत्या आहेत देवाच्या दयेने, पण औषधं वेळेवर द्यायला कोणीतरी लागतंच. त्यांनी केनिया कुठे, किती खर्च, काही विचारलं नाही, पहिला प्रश्न आला तो चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा. म्हटलं, यंदा चवथ २७ ऑगस्टला, आणि आम्ही १३ ला घरात. त्या जरा वेळ गप्प बसल्या, बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाल्या, "मग जा. माटोळीचं सामान तोवर दीर बघेल, तू फक्त वेळेवर ये." (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात ती चौकट.) झालं, त्या बोलीवर आमची ट्रिप पक्की झाली.

आम्ही आजवर सिंगापूर-मलेशिया केलंय, एकदा दुबई. म्हणजे आशियाच्या बाहेर पाऊल नाही. ह्यांना बँकेतून रिटायर व्हायच्या आधीपासून एकच ध्यास, जंगलातला सिंह उघड्या गाडीतून बघायचा, पिंजऱ्यातला नाही. त्यात ऑगस्ट म्हणजे मसाई मारामध्ये विल्डबीस्टचे, म्हणजे तिथल्या गाईएवढ्या हरणांचे, कळप टांझानियातल्या सेरेंगेटीतून नदी ओलांडून येतात तो काळ, साधारण जुलै ते ऑक्टोबर. मग ग्रुप टूरच घेतली, गोव्यातलेच २६ जण, फोंडा, मडगाव, डिचोली, म्हापसा असे सगळीकडचे. ह्या वयात आपापलं बुकिंग करत बसायची ताकद माझ्यात नाही, आणि बरोबर आपली माणसं असली की कोणाचं पोट बिघडलं तरी धीर असतो.

जून

आता जे सांगणार आहे त्यासाठीच खरं तर मी लिहायला बसले.

आमच्या समोरच्या बंगलीत एक आंटी राहतात, ७७ वर्षांच्या, एकट्या. २२ वर्षांचा शेजार. नाताळात त्यांच्याकडून कुसवार, म्हणजे नाताळचा फराळ येतो, चवथीला आमच्याकडून नेवऱ्या, म्हणजे करंज्या जातात. त्या कधीकाळी आफ्रिकेत होत्या एवढं मला माहीत होतं, पण गोव्यात असं प्रत्येक वाड्यावर कोणी ना कोणी असतंच, कोण आफ्रिकेहून आलेलं, कोण गल्फहून, त्यामुळे मी कधी खोदून विचारलंच नाही. पाऊस थांबल्यावर गेटपाशी उभ्या होत्या म्हणून सहज सांगितलं की आंटी, आम्ही केनियाला चाललो. त्यांनी गेटची कडी धरली. "खंय? नैरोबी?" म्हटलं हो, तिथेच उतरणार. "म्हजो जल्म नैरोबीचो गो!"

त्या दिवशी मी त्यांच्या व्हरांड्यात दोन तास बसले. वडील रेल्वेच्या ऑफिसात कारकून. मुंबईहून मोंबासाला बोटीने जायचे, कंपाला आणि करंजा अशी बोटींची नावं त्यांना अजून पाठ, आठ-नऊ दिवस लागायचे आणि आई पूर्ण वेळ पडून असायची म्हणाल्या. शाळा पार्कलँड्समधली डॉक्टर रिबेरो गोवन स्कूल. हे डॉक्टर रिबेरो म्हणजे आपल्या गोव्याचेच, रोझेंदो रिबेरो, १९०० साली नैरोबीला पोचले तेव्हा तिथे धड गाव पण नव्हतं, तंबूत दवाखाना घातला आणि पेशंट बघायला झेब्र्यावर बसून जायचे. मला वाटलं आंटी गंमत करतायत, पण त्यांनी आत जाऊन एक फोटो आणला, जुन्या मासिकातून कापलेला, खरोखर डोक्यावर हॅट घातलेला माणूस झेब्र्यावर बसलाय. १९०२ मध्ये नैरोबीत प्लेग आला तोही त्यांनीच ओळखला होता. आम्ही झेब्रा बघायला एवढे पैसे भरले आणि आमच्याच गावचा माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच्यावर बसून फिरत होता!

आणि एक. जोसेफ मुरुंबी म्हणून केनियाचे दुसरे उपराष्ट्रपती होऊन गेले, १९६६ साली, त्यांचे वडील गोंयकार आणि आई तिथल्या मसाई जमातीची. हे मला ५८ वर्षांची होईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं, ना शाळेत ना घरात. मी स्वतः २९ वर्षं शाळेत इतिहास शिकवला, वास्को द गामा मालिंदीहून वाटाड्या घेऊन १४९८ ला कालिकतला पोचला हे पोरांकडून घोकून घेतलं, पण मालिंदी म्हणजे केनिया, आणि केनिया म्हणजे माझ्या समोरचं घर, हे कधी डोक्यातच आलं नाही. वाईट वाटलं मला, खरंच.

जुलैचा पहिला आठवडा, सडा

यलो फीव्हरचं इंजेक्शन. ज्यांना केनियाला जायचंय त्यांनी हे आधी करा, बाकी सगळं नंतर. प्रवासाच्या कमीत कमी १० दिवस आधी घ्यावं लागतं, त्याचं पिवळं कार्ड मिळतं, आणि हे कार्ड परत येताना आपल्याच देशात जास्त लागतं, नसेल तर विमानतळावरूनच सरळ क्वारंटाइनमध्ये. एकदा घेतलं की जन्मभर चालतं, पूर्वी १० वर्षांचं होतं ते २०१६ पासून बदललं.

गोव्यात हे मुरगावच्या पोर्ट हेल्थच्या ऑफिसात मिळतं, वास्कोला सड्यावर. तिथे ठरलेल्या दिवशीच बोलावतात, कारण एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि ती एकदा उघडली की सहा तासांत संपवावी लागते. आम्ही आठ जण मिळून गेलो, बोरीच्या पुलावरून, पाऊस असा की वायपर कमी पडत होता. ह्यांचं वय ६३, आणि साठीनंतर हे इंजेक्शन डॉक्टर विचार करूनच देतात म्हणून मी रात्रभर झोपले नव्हते. डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या विचारल्या, मग "अंड्याची ॲलर्जी आहे का?" विचारलं, कारण ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात. सगळं नीट लिहून घेतलं आणि मगच दिलं. दुसऱ्या दिवशी थोडी कणकण आली दोघांनाही, पेज खाल्ली, झोपलो, तिसऱ्या दिवशी ठणठणीत.

ई-टीए पण ह्याच आठवड्यात झालं. २०२४ च्या जानेवारीपासून केनियाने व्हिसा काढून टाकला आणि हे ऑनलाइन परवानगीचं सुरू केलं, टूरवाल्यांनीच भरलं, आपण फक्त पासपोर्ट आणि फोटो द्यायचा. ग्रुपमधल्या डिचोलीच्या एका काकांच्या अर्जात नाव आणि आडनाव उलटसुलट पडलं होतं, ते दुरुस्त होईपर्यंत काकू रोज मला फोन करायच्या, बिचाऱ्यांचा जीव टांगणीला लागला होता. झालं शेवटी, पण मी सांगते, फॉर्म दुसऱ्याने भरला तरी प्रत्येक अक्षर पासपोर्टशी स्वतः ताडून बघा.

१८ जुलै, म्हापसा

शुक्रवारचा बाजार. ह्यांनी स्वतःसाठी मिलिटरीच्या ठिपक्या-ठिपक्यांची पॅन्ट घेतली, जंगलात शोभेल म्हणून. संध्याकाळी ग्रुपवर टूर मॅनेजरचा मेसेज, मिलिटरी डिझाइनचे कपडे केनियात चालत नाहीत, कायद्याने बंदी आहे. निळे आणि काळे कपडेही जंगलात नकोत, त्सेत्से माशी त्या रंगांवर येते. खाकी, फिकट हिरवा, मातकट असलेच रंग. ती पॅन्ट आता आमच्या माडाला पाणी घालताना उपयोगी पडते. मॅनेजर म्हणजे पंचविशीतला मुलगा आहे, आमच्या मुलापेक्षा लहान, पण प्रत्येक गोष्ट शांतपणे दहा वेळा सांगतो, मला त्याचं फार कौतुक वाटतं.

२७ जुलै, पिशव्या

केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, २८ ऑगस्ट २०१७ पासून, आणि अगदी कडक, दंड आणि तुरुंग दोन्ही. विमानातून उतरतानासुद्धा हातात प्लॅस्टिकची पिशवी नको. आता आमच्या बॅगेत कपडे एका प्लॅस्टिकमध्ये, चपला दुसऱ्यात, खाऊ तिसऱ्यात, पावसात राहणारी माणसं आपण, प्लॅस्टिकशिवाय बॅग भरायची म्हणजे काय करायचं?

सासूबाईंनी आतून त्यांचं जुनं सुती लुगडं आणून दिलं, हिरव्या काठाचं, धुऊन धुऊन असं मऊ झालेलं की हातातून घसरत होतं. मी मशीनवर बसले. आधी काठ उसवून बाजूला काढला, कारण काठाचीच नाडी करायची होती, मग वीतभर रुंद, हातभर लांब असे तुकडे. त्या शेजारी खुर्चीवर बसून प्रत्येक पिशवीत नाडी ओवत होत्या, सेफ्टी पिनला टोक अडकवून हळूहळू सरकवायची, मध्येच पिन आत सुटली की परत पहिल्यापासून. ११ पिशव्या झाल्या. सहावी का सातवी ओवताना म्हणाल्या, "हे लुगडं मी तुझ्या सासऱ्यांबरोबर पंढरपूरला गेले तेव्हा घेतलेलं. आता आफ्रिकेक वता." मी मशीन थांबवलं नाही, पायडल मारत राहिले, पण मला पुढची शिवण दिसेना.

३ ऑगस्ट

बॅगांचं वजन. मुंबईपर्यंतच्या विमानात एकाला १५ किलो, आणि सफारीच्या गाडीत कडक ट्रॉली बसत नाही म्हणून मऊ बॅगा घ्यायला सांगितलेल्या. श्रावण असल्यामुळे आम्ही दोघंही मासळी-मटण खात नाही, त्यामुळे खाऊ जास्त. चिवडा, शंकरपाळे, मेतकूट, सुकं खोबरं-लसणीची चटणी, फणसाची साठं. मॅनेजर म्हणतो तिथे शाकाहारी जेवणाची काळजीच करू नका, नैरोबीत गुजराती इतके आहेत की सगळं मिळतं, आणि चपातीला केनियात चपातीच म्हणतात. ही चपाती तिथे नेली ती आपल्याच लोकांनी. मोंबासाहून आत रेल्वे घातली १८९६ ते १९०१ मध्ये तेव्हा सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेले होते, त्यातले कितीतरी तिथेच मेले.

बाकी सामान : दुर्बीण दोघांत एक नको, प्रत्येकी एक घ्या, भांडणं होतात. तिथलं प्लग तीन चौकोनी पिनांचं, त्याचा अडॅप्टर. ओडोमॉस, मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. स्वेटर! विषुववृत्त म्हणून लोक स्वेटर नेत नाहीत आणि मग कुडकुडतात, नैरोबी समुद्रसपाटीपासून साधारण १८०० मीटर उंच आहे आणि ऑगस्टात तिथे थंडीचे दिवस असतात.

संध्याकाळी आंटी आल्या. महिनाभर रोज अर्धा तास मला स्वाहिली, म्हणजे तिथली भाषा शिकवत होत्या, म्हणजे शिकवण कसली, शब्दांच्या गप्पा. पैशाला पेसा. दुकानाला दुका. गाडीला गारी. आंब्याला एम्बे. टेबलाला मेझा, आणि आपण गोव्यात मेज म्हणतो तेच ते, पोर्तुगीज दोन्हीकडे एकच शब्द टाकून गेले. त्या दिवशी त्यांनी कागदात गुंडाळून एक कापड आणलं. लाल, काळं, पांढरं, चारी बाजूंनी रुंद काठ, आणि खाली मधोमध इंग्रजी अक्षरांत एक ओळ छापलेली. तिथल्या बायका हे कमरेला, खांद्यावर, पोर पाठीला बांधायला वापरतात, त्याला कांगा म्हणतात आणि लेसो पण म्हणतात. लेसो म्हणजे आपला लेंस! रुमालाला आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून लेंस आहे, मूळ शब्द पोर्तुगीजांचा. प्रत्येक लेसोवर एक म्हण असते. ह्या लेसोवर होती : हराका हराका हायना बराका. घाईघाईला बरकत नाही. बराका म्हणजे बरकत, मला कोणी अर्थ सांगायची गरजच पडली नाही.

त्यांच्या आईचा लेसो. १९६७ मध्ये नैरोबी सोडताना ट्रंकेत तळाशी घातलेला. मी नको नको म्हणत होते, हरवला तर काय तोंड दाखवू, पण त्यांनी माझ्या हँडबॅगेत स्वतःच्या हाताने ठेवला. "व्हर, थंय थंडी आसता."

मी विचारलं, तुमच्यासाठी काय आणू? तर म्हणाल्या काही नको, वाटेत शाळा दिसली तर फोटो काढ.

५ ऑगस्ट, मंगळवार

निघायचा दिवस. बस मडगावहून माणसं घेत घेत फोंड्याला दुपारी दीडला येणार होती, ती सव्वादोनला आली. देवाला नारळ ठेवला, सासूबाईंच्या पाया पडले, त्यांनी दोघांच्या हातावर दही-साखर घातली आणि लगेच आत गेल्या, दारात उभं राहायचं नाही असा त्यांचा नियम आहे. जाऊबाईंना गोळ्यांचा डबा सकाळ-दुपार-रात्र करून दाखवला तरी मी तिसऱ्यांदा परत जाऊन सांगितलं. आंटी गेटवर उभ्या होत्या, छत्री घेऊन, बस वळेपर्यंत.

बाणस्तारी, जुनं गोवं, पणजी इथपर्यंत झटक्यात, आणि पर्वरीला फ्लायओव्हरच्या कामात अडकलो ते पाऊण तास. सगळ्यांच्या नजरा घड्याळावर. जुन्या गोव्यावरून जाताना मला सारखं मनात येत होतं की मोंबासाचा पोर्तुगीजांचा किल्ला फोर्ट जीझस, जो १५९३ ला बांधायला घेतला, म्हणजे आपल्या आग्वादच्याही आधी, त्याचा कारभार ह्याच गावातून चालायचा, तिथला कप्तान इथून जायचा. ओमानी अरबांनी त्याला १६९६ मध्ये वेढा घातला तो जवळजवळ तीन वर्षं, आणि मदतीची जहाजं जायची ती ह्याच मांडवीतून. मोंबासा आमच्या टूरमध्ये नाही ह्याची मला फार चुटपुट आहे, मारा आहे, नैवाशा आहे, किलीमांजारोच्या पायथ्याचं अंबोसेली आहे, पण मोंबासा नाही. टूरवाल्यांनी गोव्याच्या ग्रुपला तरी ते दाखवायलाच हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

मोपाला पोचलो तर पावसामुळे विमान एक तास लेट. पुन्हा सगळे हाशहुश. मुंबईला उतरून इंटरनॅशनलला गेलो, तिथे मॅनेजरने प्रत्येकाचं पिवळं कार्ड स्वतः बघितलं, पासपोर्टला रबर लावून दिलं. मडगावच्या एका ताईंचं कार्ड सापडेना. बॅग जमिनीवर उघडली, आम्ही चार बायका वाकून शोधतोय, ताई रडायच्या बेतात, आणि ते निघालं चष्म्याच्या डबीत, "नीट राहावं म्हणून ठेवलं होतं." त्यांना पाणी दिलं, बसवलं, सगळ्या ग्रुपने टाळ्या वाजवल्या, आणि तिथपासून हे २६ जण मला माझे वाटायला लागले.

६ ऑगस्ट, नैरोबी

विमान पहाटे अडीचच्या सुमाराला उडालं. सहा तास फक्त. खाली अरबी समुद्र, काळोख. पूर्वी जहाजं वाऱ्यावर चालायची, हिवाळ्यातल्या वाऱ्यावर इकडून तिकडे आणि पावसाळी वाऱ्यावर तिकडून इकडे, म्हणजे ऑगस्टात इकडून निघणं शक्यच नव्हतं, वाट बघत बसायला लागलं असतं महिनोन् महिने. गामाला मालिंदीहून यायला तीनेक आठवडे लागले होते. ह्यांनी झोपेत माझ्या खांद्यावर डोकं टाकलं, मी खिडकीतून बघत राहिले. आपण पश्चिमेला जातो म्हणून रात्र लांबतच जाते, उजाडतच नाही. उतरायच्या जरा आधी मागच्या बाजूने आकाश तांबडं व्हायला लागलं आणि खाली जमीन दिसली, सपाट, करड्या रंगाची, मध्येच छत्रीसारखी झाडं. मी ह्यांना हलवून उठवलं. "अहो, आफ्रिका." त्यांनी चष्मा शोधून लावला आणि काही न बोलता माझा हात दाबला.

घड्याळं अडीच तास मागे घेतली. जोमो केन्याटा विमानतळावर इमिग्रेशनची रांग लांब पण शांत. बाहेर आलो तर काय थंडी! गोव्यातून घामाच्या ब्लाउजमध्ये निघालेली मी, स्वेटर मोठ्या बॅगेत. मग हँडबॅगेतून आंटींचा लेसो काढला आणि खांद्यावरून घेतला. इकडे ग्रुपची नुसती धावपळ, कोणाला शिलिंग बदलून घ्यायचेत, कोणाला सिम कार्ड, कोणाला पुढची सीट, मॅनेजर बिचारा हाका मारतोय. आमच्या बसचा ड्रायव्हर, असेल पन्नाशीचा, बॅगा चढवत होता, माझ्यापाशी आला आणि थांबला. लेसोवरची ओळ बोट न लावता वाचली, मोठ्याने, आमच्या सगळ्या धावपळीकडे बघत : "हराका हराका हायना बराका, मामा." आणि हसला. मामा म्हणजे तिथे आई, बाईमाणसाला मानाने म्हणतात.

मी म्हटलं परत म्हणा, फोनमध्ये रेकॉर्ड केलं आणि आंटींना पाठवलं. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. पाच मिनिटांत उत्तर आलं, दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज. सुरुवातीला कोंकणीत "पावली गो?" आणि मग जे स्वाहिली सुरू झालं ते थांबेचना, आवाज पण वेगळा, भराभर, एखादी शाळकरी पोर बोलते तसा. मला त्यातला फक्त शुले कळला, शुले म्हणजे शाळा, आणि पार्कलँड्स, आणि शेवटी आसांते, म्हणजे थँक्यू.

फोन ड्रायव्हरच्या कानाला लावला. त्याने एकदा ऐकलं, मला खूण करून परत लावायला सांगितलं आणि दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं. मग मला इंग्रजीत म्हणाला, ह्या बाई माझ्या आजीसारख्या बोलतात, असे शब्द आता इथे कोणी वापरत नाही. शाळा हॉटेलच्या वाटेवर नाही, पण परतीच्या दिवशी वेळ ठेवू म्हणाला, आणि मॅनेजरला तसं सांगून पुन्हा बॅगा मोजायला गेला.